फायरप्लेसच्या जाळीला कोणतं लोखंड टिकेल?

प्रश्न
लाकडं ठेवायची जाळी मी १२ मिमीच्या सळया वेल्ड करून घरीच केली होती. दोन हिवाळ्यांत मधल्या तीन सळयांना झोळ आला. हात लावला की काळ्या खपल्या सुटतात आणि निखारे जमतात तिथे सळई पेन्सिलीएवढी उरलीय. आता स्टेनलेस घेऊ, बीड (ओतीव लोखंड) घेऊ, की साधंच पण जाड? गॅल्व्हनाइज्ड पाइपचे तुकडे पडून आहेत, ते चालतील का?

उत्तर १
स्टेनलेस. एकदाच करा नि विसरा.

उत्तर २
आधी तो पाइप बाजूला ठेवा. गॅल्व्हनाइज्ड म्हणजे वर जस्ताचा थर. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, ९०७ ला उकळतं, आणि निखाऱ्यांचा ढीग तेवढा तापू शकतो. असाच एक पाइप मी दारं उघडी ठेवून वेल्ड केला होता. पांढरा धूर निघाला, आणि रात्री दोन पांघरुणांत कुडकुडत पडलो.

स्टेनलेसबद्दल माझं मत थोडं वेगळं. ३०४ मध्ये, म्हणजे नेहमीच्या स्टेनलेसमध्ये, १८ टक्के क्रोमियम असतं, म्हणून खपल्या कमी सुटतात हे खरं. पण लाल झालं की तेही मऊ पडतं, आणि फुगतं जास्त. अर्ध्या मीटरचा गज लालबुंद झाला की साधं लोखंड साधारण ५ मिमी वाढतं, ३०४ साधारण ७. माझ्या पहिल्या जाळीत गज दोन्ही टोकांना पक्के होते. तिसऱ्याच जाळाला फाट्कन आवाज झाला, बघतो तर कोपऱ्यातलं वेल्डिंग उघडलेलं. तेव्हापासून एकच टोक वेल्ड करतो, दुसरं खाचेत नुसतं ठेवतो. ३१० नावाचं स्टेनलेस उष्णतेला फारच चांगलं, पण जाळीसाठी मला ते जरा लाडच वाटतात.

मी २५ मिमीचा साधा चौकोनी बार घेतो. ६०० अंशांना लोखंडाची निम्मी ताकदही उरत नाही, त्यामुळे जाडी हवीच. त्याहून महत्त्वाचे पाय. दोनच्या जागी तीन जोड्या द्या, मधली जोडी बरोबर निखाऱ्यांखाली. झिजलेला गज खाचेतून काढायचा, नवा सरकवायचा.

आणि राख कधी काढता?

उत्तर ३
बीड झोळ कमी धरतं, पण ठिसूळ. आमच्याकडे घाईत विझवायला तापल्या जाळीवर तांब्याभर पाणी ओतलं, टण्ण करून दोन तुकडे. घरी बीड वेल्ड करायचा नाद मी सोडलाय.

प्रश्नकर्ता
पाइप उचलून ठेवला. राख म्हणाल तर... जाळीला टेकली की काढतो.

उत्तर २
मग सळया गेल्या त्यातच. खालून येणारी हवा गजाला थंड ठेवते. राख टेकली की हवा बंद, आणि गज वरून-खालून निखाऱ्यांत. चार बोटं मोकळी ठेवा. पाय तेवढे उंच कराच.