मदत हवी आहे: ८० जीबी स्कॅन पुण्याला पाठवायची आहेत, ब्राउझरने पाठवू की वेगळा प्रोग्राम घेऊ?

नमस्कार मंडळी,

मी सिंधुदुर्गातल्या एका गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे शंभरेक वर्षांपूर्वीच्या मराठी मासिकांचे बांधीव खंड आहेत. कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटताना कोपरा हातात येतो. वर्षभरात मी आणि कॉलेजच्या दोन मुलींनी मिळून ९ खंड स्कॅन केले. ४०० डीपीआय, रंगीत टिफ (चित्राचा एक फाइल-प्रकार). एक पान साधारण २२ एमबी, खंडात ४०० च्या आसपास पानं, म्हणजे एक खंड ९ जीबी आणि सगळे मिळून ८० जीबी. पुण्यातली एक संस्था हे सगळं जतन करून ठेवणार आहे. त्यांच्यापर्यंत फायली पोचवायच्या, एवढंच काम राहिलंय आणि तिथेच अडलंय.

जूनमध्ये पहिला खंड पाठवला. संस्थेचं एक वेबपान आहे, त्यात फाइल निवडायची आणि अपलोड दाबायचं. आधी पूर्ण खंडाची एक झिप केली. पावसात आमच्याकडे लाईट जाते, आणि गेली की अपलोड पुन्हा शून्यापासून. तीनदा असं झाल्यावर मी सुट्या फायली ४०-४० च्या गठ्ठ्यांनी चढवल्या. प्रत्येकीपुढे हिरवी खूण आली. आठवड्याने संस्थेतून फोन आला की १३७ वं पान अर्धंच दिसतंय, खाली नुसता करडा पट्टा आहे. मी लॅपटॉपवर तीच फाइल उघडली तर ती स्वच्छ. शेवटच्या ओळीत छपाईच्या एका खिळ्याची वेलांटी तुटलेली आहे, तीसुद्धा दिसते.

ते पान आता पुन्हा स्कॅन होणार नाही. स्कॅन झाल्यावर खंड मिटताना ते शिवणीतून सुटलं, त्याचे तीन तुकडे मी पाकिटात घालून ठेवलेत. त्या दिवसापासून हिरव्या खुणेवर माझा विश्वास नाही.

संस्थेने दुसरी वाटही दिली आहे: एसएफटीपीचा (फायली पाठवायच्या एका पद्धतीचा) पत्ता, युजरनेम, पासवर्ड. तो पत्ता क्रोममध्ये टाकला तर काहीच उघडत नाही. पूर्वी ऑफिसात असे पत्ते ब्राउझरमध्ये उघडलेले मी पाहिलेत, मग आता काय झालं? विंडोज १० चा लॅपटॉप आहे, अपलोडचा वेग २० एमबीपीएसच्या आसपास मिळतो. वेगळा प्रोग्राम घ्यावा का, कोणता, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जे गेलं ते जसंच्या तसं पोचलं हे मला कसं कळेल?

प्रतिसाद १

ताई, आधी हिशेब करू. २० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला अडीच एमबी. एक खंड जायला तास, नऊ खंडांना नऊ तास. ब्राउझरच्या साध्या अपलोडमध्ये एक फाइल म्हणजे एकच सलग विनंती. मध्ये तुटली की ती फाइल पहिल्यापासून. म्हणून तुमची झिप दर वेळी वाया गेली. गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी फाइल तुकड्यातुकड्यांनी जाते आणि तुटलं तर पुढून सुरू होऊ शकते, पण ती सोय सर्व्हरवर आधीच केलेली असावी लागते. नुसत्या ब्राउझरच्या हातात ते नाही.

तेव्हा झिप मुळीच करू नका. सुट्या फायली पाठवताना लाईट गेली तर नुकसान फार तर एका पानाचं, म्हणजे नऊ सेकंदांचं. शिवाय टिफ चढवायला ब्राउझर वाईट नाही असं कोणी म्हणालं तर विचारा, ३६०० फायलींतली कोणती राहिली हे तो सांगणार आहे का? दोन-चार फायली असतील तर ब्राउझरच बरा. तुमच्या कामाला रांग लावणारा, अडलेल्या फायली वेगळ्या दाखवणारा प्रोग्राम हवा.

प्रतिसाद २

क्रोममध्ये का उघडत नाही ते सांगतो. तुम्ही ऑफिसात पाहिलं ते एफटीपी असणार. फायली पाठवायची फार जुनी पद्धत आहे ती. तिचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये लिहिला, आणि ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. मला हे कळलं तेव्हा फार अभिमान वाटला होता, म्हणून इथे आवर्जून लिहितोय. पण साध्या एफटीपीत पासवर्ड आणि फाइल दोन्ही उघड्यावर जातात. त्या काळी नेटवर्कवर मोजकीच विद्यापीठं आणि संशोधन केंद्रं होती, तेव्हा ते चाललं. क्रोमने जानेवारी २०२१ मध्ये ८८ व्या आवृत्तीत ते बंद केलं, फायरफॉक्सने त्याच वर्षी जुलैत ९० व्या आवृत्तीत काढून टाकलं. चालू होतं तेव्हाही या दोघांत फक्त बघता आणि उतरवून घेता यायचं, चढवायची सोय नव्हतीच.

एसएफटीपी हे नावासारखं वाटलं तरी एफटीपीचं भावंड नाही. ते एसएसएच या सुरक्षित जोडणीवर चालतं, सगळं कूटबद्ध जातं, आणि सर्व्हरवरचं त्याचं दार वेगळं, पोर्ट २२. क्रोम आणि फायरफॉक्स ते कधीच बोलत नव्हते, त्यामुळे तुमच्या क्रोममध्ये काही बिघडलेलं नाही.

तुम्ही विनएससीपी घ्या. विंडोजसाठीच आहे, फुकट आहे, डावीकडे तुमचा लॅपटॉप आणि उजवीकडे त्यांचा सर्व्हर असं दिसतं. फाइलझिलाही चांगला, तो मॅक आणि लिनक्सवरही चालतो. दोन्ही मूळ साइटवरूनच उतरवा आणि इन्स्टॉल करताना प्रत्येक पडदा वाचून पुढे जा. पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या किल्लीचा ठसा (त्याची ओळख पटवणारी अक्षरं) दाखवून विश्वास ठेवू का असं विचारेल. डोळे मिटून होय म्हणू नका. संस्थेला फोन लावा, त्यांना ठसा वाचून दाखवायला सांगा, जुळला तरच पुढे.

विनएससीपीचा मला आवडतो तो भाग हा: मोठी फाइल जात असताना पलीकडे तिच्या नावापुढे फाइलपार्ट अशी शेपटी असते. पूर्ण गेली की मगच खरं नाव लागतं. त्यामुळे अर्धवट पान पूर्ण म्हणून खपत नाही. तुमच्या १३७ व्या पानाचं बहुधा तेच झालं. वेबपानाने तुकडे जोडताना शेवटचे राहिले आणि फाइल पूर्ण म्हणून नोंदली गेली, असा माझा अंदाज.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आज विनएससीपी घातलं. ठशाबद्दल फोन केला, तिथल्या मुलाने अक्षर अक्षर वाचून दाखवलं आणि जुळलं. रात्री दुसरा खंड लावते. पण शेपटी गेली म्हणजे फाइल आतून तीच आहे याची खात्री होते का?

प्रतिसाद ३

नाही, ताई, त्यासाठी शा-२५६. प्रत्येक फाइलमधून ६४ अक्षरांची एक खूण निघते. फाइलमधला एक बिट बदलला तरी पूर्ण खूण बदलते. विंडोजमध्ये वेगळं काही घालावं लागत नाही, पॉवरशेल या कमांड लिहायच्या खिडकीत गेट-फाइलहॅश ही कमांड आधीपासून आहे. फोल्डरभर चालवून यादी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठवा, आणि ती यादी स्कॅनबरोबर पाठवा. पलीकडे लिनक्स असेल तर ते शा-२५६-सम या कमांडने यादी ताडून पाहतील, ३६०० फायलींना फार वेळ लागत नाही. यादी स्कॅन झाल्या दिवशीच करा, पाठवायच्या दिवशी नाही. मधल्या काळात तुमच्याच डिस्कवर काही बिघडलं तर तेही पकडलं जाईल.

आणि फायलींची नावं देवनागरीत असतील तर आत्ताच बदला. मी एकदा देवनागरी नावांची झिप दुसऱ्या मशीनवर सोडली, सगळी नावं चौकोन आणि प्रश्नचिन्हं झाली होती. रोमन अक्षरं आणि आकडे, मध्ये जागा न सोडता. पान ७ ला ००७ लिहा, म्हणजे क्रम बिघडत नाही.

प्रतिसाद ४

राउटरला छोटा यूपीएस लावा आणि लॅपटॉपची झोप बंद करा, झाकण मिटलं की अपलोड तुटतं. तुटल्यावर विनएससीपीत सिंक्रोनाइझ दाबलं की राहिलेल्याच फायली जातात. दिशा लोकलकडून रिमोटकडे आहे ना ते दोनदा बघा, आणि 'डिलीट फाइल्स'च्या चौकटीत टिक नको. ती खूण चुकून पडली तर पलीकडच्या जास्तीच्या फायली पुसल्या जातील.

पुण्याला कोणी जाणार असेल तर एक प्रत हार्ड डिस्कवरही पाठवा. झिप करायची वेळ आलीच तर डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नसावी, तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

धागाकर्ती

मंडळी, बारा दिवसांनी लिहिते आहे. नऊही खंड गेले. रात्री अकराला लावायचं, सकाळी बघायचं. मधे चारदा लाईट गेली, चारही वेळा सिंक्रोनाइझने पुढचं उचललं. नावं बदलायला मात्र दोन दिवस गेले, मुलींनी ते काम केलं.

काल संस्थेने यादी ताडली. ३६१२ पैकी ३६११ जुळल्या. न जुळलेली पहिल्या खंडातलीच, १३७ वं पान. जूनमधली अर्धवट फाइल त्या फोल्डरात पडून होती आणि मी पहिला खंड पुन्हा पाठवलाच नव्हता. काल संध्याकाळी ते एकच पान पाठवलं, आणि आज सकाळी संस्थेतल्या त्या मुलाचा फोन आला. त्याने आमच्या यादीतली ६४ अक्षरं आणि त्याच्याकडची ६४ अक्षरं मला वाचून दाखवली. मी पेन्सिलने एकेक अक्षरावर टिंब देत गेले. शेवटचं टिंब दिलं, आणि तीन तुकड्यांच्या पाकिटावर आजची तारीख घातली.