ट्रेलरचे नाक खाली झुकते: टो-बॉल उंच करावा का?

लेस्टरकर:
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचे सामान, म्हणजे मखराचे सांगाडे, घडीची टेबले, स्पीकर आणि सतरंज्या, दरवर्षी भाड्याच्या व्हॅनमधून न्यावे लागते. ते टाळण्यासाठी मी दोन ॲक्सलचा, स्वतःचे ब्रेक असलेला एक जुना ट्रेलर घेतला आहे. त्याचे कमाल वजन, मालासह, १३०० किलो आहे. माझी गाडी इस्टेट प्रकारची असून तिचा टो-बार, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठी मागे बसवलेला दांडा, प्रमाणित आहे. त्याच्या पाटीवर नोज वेटची, म्हणजे ट्रेलरच्या कपलिंगवरून (जोडणीच्या तोंडावरून) टो-बारच्या टोकावरील गोळ्यावर, म्हणजे टो-बॉलवर, येणाऱ्या भाराची, मर्यादा ७५ किलो लिहिलेली आहे. सपाट जागेवर रिकाम्या गाडीच्या टो-बॉलचा मध्य जमिनीपासून ४०५ मिमी भरला. रिकामा ट्रेलर स्पिरिट लेव्हल लावून समपातळीत आणला, तेव्हा त्याच्या कपलिंगचा मध्य ४५५ मिमी भरला. जोडल्यावर नाक, म्हणजे ट्रेलरचे पुढचे टोक, ५० मिमी खाली जाते, आणि गाडीत माणसे बसली की ही तफावत आणखी वाढते. विकणाऱ्याचा सल्ला असा की ड्रॉप प्लेट (बॉलची उंची बदलणारी, टो-बार आणि बॉल यांच्यामध्ये बसणारी पट्टी) उलटी लावून बॉल दोन इंच वर घ्यावा. तसे करावे का, आणि मुळात किती झुकाव चालतो?

पानापक्कड:
प्लेटवर पैसे घालण्याआधी दोन्ही मापे पुन्हा घ्या. आपली मापे रिकाम्या गाडीची आणि रिकाम्या ट्रेलरची आहेत, तर नियमातले आकडे दोन्हीही पूर्ण भरलेल्या अवस्थेसाठी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या ५५ क्रमांकाच्या नियमावलीनुसार (पूर्वीच्या ९४/२० या युरोपीय निर्देशातही हेच होते) भरलेल्या गाडीच्या बॉलचा मध्य ३५० ते ४२० मिमी या पट्ट्यात असावा लागतो. ट्रेलरचा तळ समपातळीत असताना कपलिंगचा मध्य ३९५ ते ४६५ मिमी असावा लागतो. हे दोन पट्टे जेमतेम २५ मिमी एकमेकांवर येतात आणि त्यांच्या मध्यबिंदूंत ४५ मिमीचे अंतर आहे. थोडे नाक खाली राहणार, हे नियम करणाऱ्यांनी गृहीतच धरलेले दिसते.

आता प्लेटविषयी. ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १९९८ नंतरच्या, युरोपीय मान्यता असलेल्या मोटारींना प्रमाणित टो-बारच लागतो, आणि ती मान्यता बॉलच्या ठरलेल्या जागेसकट दिलेली असते. निर्मात्याने मंजूर न केलेली प्लेट मध्ये घातली की बॉल मागे आणि वर सरकतो, बोल्टांवरचा वाकवणारा जोर वाढतो, आणि पुढे अपघात होऊन विमा कंपनीने हरकत घेतली तर आपल्या हातात दाखवण्यासारखे काही उरत नाही. माप जुळवायचेच असेल, तर ते ट्रेलरच्या बाजूने जुळवावे. आधी चाके पाहा: जुन्या ट्रेलरवर हाताशी आलेली मोठी चाके चढवलेली असणे काही नवलाचे नाही, आणि तेवढ्यानेच कपलिंग दोन बोटे वर जाते.

कृष्णाकाठ:
वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त दोन ॲक्सलच्या ट्रेलरबाबत एक भर घालतो. एक ॲक्सल असेल, तर नाक खाली गेल्याने फक्त तळ तिरका होतो. दोन असतील आणि प्रत्येकाचे सस्पेंशन स्वतंत्र, रबराचे असेल, तर पुढचा ॲक्सल दाबला जातो आणि मागचा हलका होतो. समजा ॲक्सलमधले अंतर ७०० मिमी आहे आणि दोन्हींच्या मध्यापासून कपलिंग ३ मीटर पुढे आहे; नाक ८० मिमी खाली गेले, तर दोन्ही ॲक्सलच्या पातळीत जवळपास १९ मिमीचा फरक पडतो, आणि रबराच्या सस्पेंशनला तो थोडका नव्हे. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) सस्पेंशन असून दोन्ही ॲक्सल मधल्या झुलत्या दांडीने जोडलेले असतील, तर भार बराचसा आपोआप वाटला जातो. आपल्याकडे कोणते आहे, ते खाली वाकून पाहावे.

याच्या उलट, नाक वर राहणे मात्र कधीही पत्करू नये, कारण त्याने नोज वेट घटते आणि ट्रेलर वेगात शेपटी हलवू लागतो. भार फार पुढे पडणेही वाईटच: आमच्या भागात दोनचाकी ट्रॉलीत ऊस भरताना सगळा भार पुढे पडला, तर ट्रॅक्टरची पुढची चाके चढावर हलकी होतात, आणि हूक कंपनीने दिलेल्या जागेच्या वर बसवला असेल, तर ट्रॅक्टर मागे उलटण्याची भीती असते. जोडणीची उंची तिथे कोणी टेपने मोजत नाही, ही गोष्ट वेगळी.

पानापक्कड:
नोज वेटचे राहिलेच. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के हा प्रचलित आडाखा आहे; आपल्या १३०० किलोंना तो ६५ ते ९१ किलो येतो, म्हणून ७५ च्या मर्यादेत ७० च्या आसपास राहावे. घरातला वजनाचा काटा चालेल. त्यावर लाकडी ठोकळा उभा करून कपलिंग त्यावर टेकवावे, मात्र ठोकळा असा कापावा की कपलिंग प्रत्यक्ष जोडणीच्याच उंचीवर राहील. नाक वर-खाली केले की मालाचा गुरुत्वमध्य पुढे-मागे होतो आणि आकडा बदलतो. मोजताना चाकांना उटी, म्हणजे पाचर, लावावी. हा भार गाडीच्या मागच्या ॲक्सलवर आणि गाडीच्या एकूण वजनातही धरावा लागतो, हे डिकी भरताना लक्षात असू द्यावे.

लेस्टरकर:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. चाके पाटीवर लिहिलेल्या मापाचीच निघाली, सस्पेंशन रबराचे आहे. शनिवारी सर्व सामान भरून आणि गाडीत चौघे बसून मापे घेतली. एकूण भरलेले वजन ११५० किलोंच्या घरात आहे. ट्रेलर समपातळीत असताना कपलिंग ४२५ मिमी, आणि जोडल्यानंतर बॉल ३८० मिमी. स्पीकरची खोकी ॲक्सलच्या थेट वर सरकवल्यावर नोज वेट ७० किलो आले. आता एवढेच विचारायचे आहे की ४५ मिमीचा हा झुकाव तसाच ठेवू का?

कृष्णाकाठ:
ठेवावा. माझ्याच गृहीत अंतरांवर हिशेब केला, तर पातळीतला फरक १० ते ११ मिमी येतो. तरीही एकदा गाडी जोडलेल्या अवस्थेत वजनकाट्यावर ट्रेलरच्या दोन्ही ॲक्सलचे वजन वेगवेगळे घ्यावे. पुढच्यावर जास्त येणारच. ते त्या ॲक्सलच्या पाटीवरच्या क्षमतेत आणि पुढच्या दोन टायरांच्या भारमर्यादेत बसले, म्हणजे प्लेट, स्पेसर काहीही नको. निघण्यापूर्वी जॉकी व्हील (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचे छोटे टेकूचे चाक) पूर्ण वर ओढून घट्ट आवळावे, कारण नाक खाली असलेल्या ट्रेलरचे तेच चाक गतिरोधकावर पहिल्यांदा घासते.