गाळलेला जॉब आणि अडकलेली पुल रिक्वेस्ट

गिटहब ॲक्शन्समध्ये (कोड बदलला की तपासण्या आपोआप चालवणारी सेवा) बदललेल्या फायलींनुसार मोजकेच जॉब (एकेक काम) चालवावेत आणि त्यासाठी वर्कफ्लोलाच (जॉबच्या अख्ख्या संचाला) पाथ फिल्टर, म्हणजे ठरावीक फायली बदलल्या तरच सुरू होण्याची अट, लावावा, असे काहीजण सुचवतात. त्यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. दुसऱ्यात मात्र एक अडचण येते. फिल्टरमुळे अख्खा वर्कफ्लोच सुरू झाला नाही आणि त्यातली तपासणी मुख्य ब्रँचसाठी (कोडच्या मुख्य आवृत्तीसाठी) सक्तीची असेल, तर ती ‘पेंडिंग’ अवस्थेतच राहते आणि मर्ज, म्हणजे बदल त्या ब्रँचमध्ये मिसळणे, अडून बसतो. आमच्याकडे रीडमी या माहितीच्या फायलीतली एक ओळ सुधारणारी पुल रिक्वेस्ट (बदल मर्ज करण्याची विनंती) अशीच दिवसभर पिवळ्या ठिपक्यासह पडून होती.

याउलट, जॉबवरच ‘इफ’ची अट लावून तो गाळला, तर त्याची नोंद यशस्वी अशी होते. या सोयीत एक मोठा धोकाही आहे: चाचण्या ज्या बिल्डवर (कोडपासून प्रोग्राम तयार करणाऱ्या जॉबवर) अवलंबून आहेत तो बिल्डच फसला, तर चाचण्यांचा जॉब आपोआप गाळला जातो आणि सक्तीची तपासणी पार पडल्यासारखी दिसते. म्हणून शेवटी ‘ऑलवेज’ या अटीवर, म्हणजे आधीचे जॉब फसले तरी, चालणारा एक छोटा जॉब ठेवावा, आधीच्या सगळ्या जॉबचे निकाल त्यात तपासावेत आणि सक्ती फक्त त्या एकाच जॉबची करावी.