आकडे उलटं सांगतात
"जिथे गुन्हे जास्त तिथेच पोलीस जास्त लोकांना थांबवणार, यात वंश कुठे आला?" असं काही जण म्हणतात ते ऐकायला पटतं, पण न्यूयॉर्कचं स्टॉप अँड फ्रिस्क बघा ना, म्हणजे पोलिसांनी संशयावरून लोकांना रस्त्यात अडवून झडती घ्यायची पद्धत. २००४ ते २०१२ मधे तब्बल ४४ लाख वेळा लोकांना रस्त्यात अडवलं, त्यात ८० टक्क्यांच्या वर काळे नाहीतर लॅटिनो, आणि एकूण ८८ टक्के वेळा ना अटक ना समन्स, म्हणजे नुसतंच छळणं. कारण काय लिहायचे तर 'हालचाल संशयास्पद'! आता यात काय बसत नाही सांगा.

खरी गंमत म्हणजे हत्यार सापडायचं प्रमाण काळ्यांमधे १ टक्का आणि गोऱ्यांमधे १.४ टक्के. म्हणजे गोऱ्याला थांबवायला थोडातरी ठोस संशय लागत होता, काळ्याला तेवढाही नाही, मला तरी याचा दुसरा अर्थ लागत नाही. २०१३ मधे कोर्टाने हे घटनाबाह्य ठरवलं, तेव्हा आता शहर पेटणार म्हणून केवढी ओरड झाली होती. अडवणं २०११ च्या जवळपास ६ लाख ८६ हजारांवरून २०१७ ला १२ हजारांच्या आत आलं, आणि खून? ५१५ वरून २९२.