दगड पॉलिश करायला चाक किती आरपीएमवर ठेवायचं? (६ इंची ग्राइंडर)

डिचोलीकर७
नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यापासून दगड घासायचा नाद लागलाय. आमच्याकडे खाणीच्या बाजूला ते लाल-काळ्या पट्ट्यांचे दगड मिळतात ना, हेमटाइट (लोहखनिज) आणि क्वार्ट्झचे (गारगोटीचे) थरावर थर, ते आणि मित्राने दिलेला थोडा अकीक (अ‍ॅगेट), एवढंच भांडवल. घरात २८०० आरपीएमचा बेंच ग्राइंडर पडून होता त्यालाच ६ इंची डायमंड चाक चढवलं. ८० नंबरच्या भरड चाकावर आकार झटपट येतो पण पाणी चाकावर टिकतच नाही, सगळं माझ्या शर्टावर, तेही लाल, बायको विचारते रोज खाणीवर कामाला जातोस काय. पण खरी पंचाईत पॉलिशला. फेल्टचं (दाबलेल्या लोकरीचं) चाक लावून सेरियम ऑक्साइडने, म्हणजे पॉलिशच्या पावडरने, घासायला घेतलं तर दगड काडीला चिकटवलेली लाख दोन मिनिटांत मऊ पडली, दगड काडीवरून सुटून समोरच्या भिंतीवर, उचलून बघतो तर अकीकाला आडवी चीर. मग स्पीड कमी करायला मध्ये पंख्याचा रेग्युलेटर जोडला तर मोटर नुसती घूं घूं करत तापली. कुणी ५०० सांगतो कुणी ३०००, नक्की खरं काय?

म्हापसा_वाइंडिंग
पहिलं तो रेग्युलेटर काढ बाबा, मोटर जाळशील. इंडक्शन मोटरचा वेग ५० हर्ट्झला बांधलेला असतो, व्होल्टेज कमी केलं की ताकद जाते आणि वाइंडिंग तापतं, वेग काही मनासारखा उतरत नाही. व्हीएफडी (हर्ट्झ बदलून वेग बदलणारं यंत्र) लावेन म्हणशील तर थ्री फेज मोटर पाहिजे, कपॅसिटरवाल्या सिंगल फेजला ते चालत नाही. स्वस्तातला मार्ग म्हणजे १४४० ची मोटर, वेगळा शाफ्ट आणि पुली-बेल्ट. मोटरला २ इंची पुली, शाफ्टला ४ इंची, झाले ७२०. जुन्या ड्रिल मशीनची स्टेप पुली मिळाली तर सोन्याहून पिवळं, बेल्ट सरकवला की वेग बदलला. आणि बेंच ग्राइंडरवर पाणी सोडतोस हे वाचूनच अंगावर काटा आला, चाकाला लागूनच मोटर असते रे. मोटर वर आणि लांब ठेव, अर्थिंग तपास, ३० मिलिअँपचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावल्याशिवाय ओल्या हाताने स्विचला हात लावू नको.

फोंड्याचे_काका
नुसता आरपीएम विचारून उपयोग नाही, चाकाच्या कडेचा वेग बघायचा. ६ इंची चाक २८०० वर म्हणजे कडेला सेकंदाला साधारण २२ मीटर, १४४० वर ११ च्या आसपास. तेच ८ इंची चाक १४४० वर धर, १५ होतात. माझी तर ६ इंची डायमंड चाकं सगळी १४४० वरच चालतात, ८० नंबरच्या भरड चाकापासून ३००० नंबरच्या बारीक चाकापर्यंत, पाणी चाकावर राहतं आणि हातही थरथरत नाही. पॉलिशला मात्र ५०० च्या वर जात नाही. सेरियमची मजा अशी की फेल्ट ओलं चिंब असताना काही होत नाही, थोडं सुकत आलं की दगडाला ओढ लागते, बोटांना कळते ती, आणि चमक त्या पाच-दहा सेकंदांतच येते. पण उष्णताही तेव्हाच चढते, म्हणून दगड सारखा ओठाला लावून बघतो, चटका बसला की पाण्यात नाही घालायचा हां, बाजूला ठेवायचा, नाहीतर हमखास तडकणार. दगडाचं चाक म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचं असेल तर त्यावर छापलेला कमाल आरपीएम कधी ओलांडू नका आणि काम झाल्यावर ते पाण्यात बुडवून ठेवू नका, एका बाजूने पाणी पितं आणि दुसऱ्या दिवशी सुरू केलं की धडधड.

वाळपई_गारगोटी
काकांशी पॉलिशबद्दल अर्धाच सहमत 🙂 अकीकाला ५०० ठीक, पण ह्या पट्ट्यावाल्या दगडाला फेल्ट मुळात नकोच, कितीही हळू फिरवा. हेमटाइट क्वार्ट्झपेक्षा मऊ, मऊ गादीवर ते आधी झिजतं आणि काळ्या पट्ट्या खड्ड्यात जातात, बोट फिरवलं की करवतीसारखं लागतं. माझे तीन तुकडे असेच गेले. कडक लाकडी चकतीवर डायमंड पेस्ट लावून बघा, हात हलका ठेवून. आडव्या चकतीवर मध्यभागी वेग जवळजवळ शून्य असतो, म्हणून दगड मध्यापासून कडेपर्यंत फिरवत राहायचं.
आणि कोरडं एक मिनिटसुद्धा घासू नका, कंटाळा आला तरी. खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांचं काय झालंय माहीत आहे ना, सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, बरा होत नाही. फरशीवर उडालेला लाल चिखलही ओला असतानाच पुसा, सुकला की तीच धूळ.

डिचोलीकर७
काका, ताई, फिटरदादा, सगळ्यांचे आभार. रेग्युलेटर परत पंख्याला गेला. भंगारात १४४० ची अर्धा एचपी मोटर मिळाली, पुली २ आणि ५, म्हणजे पावणेसहाशेच्या आसपास. काल अकीकाच्या राहिलेल्या अर्ध्या तुकड्यावर बघितलं, ती ओढ लागली आणि ट्यूबलाइट दगडात सरळ रेघेसारखी दिसली. पट्ट्यावाला अजून लाकडाच्या चकतीची वाट बघतोय, आमच्या सुताराकडे फणसाचं फळकूट आहे, ते चालेल का?

वाळपई_गारगोटी
चालेल, पूर्ण सुकलेलं घ्या फक्त. ओलं असेल तर आठवड्यात वाकडं होईल, त्यात हा पावसाळा.