मदत हवी आहे : सॅम लापोर्टाला ठेवू की देऊन टाकू? डायनॅस्टी लीगमधला तरुण टाइट एंड

नोवीकर | ४ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकन फुटबॉल पाहणारे आणि फँटसी (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर गुण मिळवणारे कागदी संघ चालवायचा खेळ) खेळणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून हक्काने विचारतोय. गणपती बसायच्या आत उत्तर द्यायचंय, ट्रेडची ऑफर तोवरच आहे.

आमची बारा जणांची डायनॅस्टी लीग आहे. म्हणजे दरवर्षी नव्याने संघ निवडायचा नाही. एकदा घेतलेला खेळाडू आपण सोडेपर्यंत आपलाच. एका कॅचला एक गुण, टाइट एंडने (समोरच्याला अडवणारा आणि पासही पकडणारा खेळाडू) पकडला तर दीड. दहा यार्डांना एक, टचडाउनला सहा. माझ्याकडे डेट्रॉईट लायन्सचा सॅम लापोर्टा आहे, वय २४. ओहायोत राहणारा माझा कॉलेजपासूनचा मित्र म्हणतोय, लापोर्टा मला दे, बदल्यात कोल्ट्सचा नवा टाइट एंड टायलर वॉरन घे आणि वर माझा २०२६ चा सेकंड राउंड पिक (नवे खेळाडू निवडताना दुसऱ्या फेरीतली पाळी).

आधी आकडे मांडतो, माझा गोंधळ तिथूनच सुरू होतो. २०२३, पहिलं वर्ष : १७ सामने, १२० टार्गेट (त्याच्याकडे टाकलेले पास), ८६ कॅच, ८८९ यार्ड, १० टचडाउन. आयोवा विद्यापीठात चार वर्षांत मिळून याचे पाच टचडाउन होते! ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) दुसऱ्या फेरीत ३४ व्या क्रमांकावर घेतलेला मुलगा पहिल्याच वर्षी इतका चमकेल असं इथे मिशिगनमध्येही कुणाला वाटलं नव्हतं. मग २०२४ : १६ सामने, ८३ टार्गेट, ६० कॅच, ७२६ यार्ड, ७ टचडाउन. आमच्या हिशेबाने २७८ गुणांवरून थेट २०५. त्याच वर्षी टाइट एंड ब्रॉक बाउअर्सने ११२ कॅच घेऊन नवोदितांचा विक्रम मोडला, तोही सगळ्या पोझिशनमधला. ट्रे मॅकब्राइडने १११ घेतले. साहजिकच लापोर्टाचा भाव उतरला.

पण एका रात्री कागद घेऊन भागाकार करत बसलो आणि वेगळंच दिसलं. टार्गेटमागे यार्ड : २०२३ मध्ये ७.४, २०२४ मध्ये ८.७. दर शंभर टार्गेटमागे कॅच दोन्ही वर्षी ७२ च्या आसपास. टचडाउन दोन्ही वर्षी शंभराला आठच्या थोडे वर. म्हणजे पोरगा बिघडलेला नाही, उलट थोडा सुधारलाय. त्याच्याकडे चेंडू येणं कमी झालंय, सामन्याला सातवरून पाचवर.

का कमी झालं, तेही बरंचसं कळतं. २०२३ मध्ये जेमसन विल्यम्स पहिले चार सामने निलंबित होता, वर्षभरात त्याचे कॅच फक्त २४. अमॉन-रा सेंट ब्राउननंतर भरवशाचा माणूस म्हणजे लापोर्टाच. २०२४ मध्ये विल्यम्सने हजार यार्ड ओलांडले. शिवाय लायन्स १५ सामने जिंकले, कित्येकदा आधीच पुढे होते, मग गिब्ज आणि मंटगमरीला चेंडू देऊन धावत राहिले. क्वार्टरबॅक म्हणजे पास टाकणाऱ्या जॅरेड गॉफने २०२३ मध्ये ६०५ पास टाकले होते, २०२४ मध्ये ५३९. लापोर्टाचा खांदाही दुखावला होता, त्यात एक सामना हुकला.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि संघ आम्ही दोघं मिळून चालवतो. लापोर्टा त्यानेच हट्टाने घ्यायला लावला होता. ऑफर आल्यापासून आम्ही २०२४ चे सामने पुन्हा बघतोय. त्याने चौकटीची वही केलीय : प्रत्येक प्लेला लापोर्टा पळाला तर 'प', कुणाला अडवलं तर 'अ', चेंडू आला तर गोल. पानंच्या पानं 'अ' ने भरलीत. गोल येतो तो बहुतेक वेळा मैदानाच्या मधोमध, बचावातल्या लाइनबॅकरच्या पाठीमागे, आणि तिथे हा चेंडू यायच्या आधीच वळलेला असतो. मुलगा म्हणतो, "बाबा, तो मोकळा असतो, पण चेंडू दुसरीकडे जातो." माझ्याही डोळ्यांना तसंच दिसतं, पण घरच्या संघावरच्या प्रेमाने तसं दिसत असेल तर? जानेवारी २०२४ मध्ये रॅम्सला हरवून लायन्सनी ३२ वर्षांनी प्लेऑफचा सामना जिंकला. आदल्याच आठवड्यात गुडघा उलटा वळला असताना हा त्या सामन्यात पट्टा बांधून उतरला आणि टचडाउन करून आला. त्या रात्री आमच्या घरात जो आरडाओरडा झाला तो विसरून हिशेब करणं मला जड जातंय.

आणि मी एकदा पोळलोय. २०२१ मध्ये काइल पिट्सने पहिल्या वर्षी १०२६ यार्ड केले. तो ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर गेला होता, इतक्या वर कुठलाही टाइट एंड कधी गेला नव्हता. मी त्याच्यासाठी दोन फर्स्ट राउंड पिक मोजले. पुढच्या मार्चमध्ये त्याच्या संघाने, फाल्कन्सनी, क्वार्टरबॅक मॅट रायनला दुसरीकडे दिलं, संघ धावण्यावर आला, नोव्हेंबरमध्ये पिट्सचा गुडघा गेला, आणि २०२२ मध्ये हातात पडले ३५६ यार्ड. मी खेळाडू नीट पाहिला होता, त्याच्या भोवतीचा संघ पाहिला नव्हता.

म्हणून विचारतो :
पाच वर्षांचा विचार करताना तुम्ही टाइट एंडमध्ये आधी काय बघता?
टार्गेट कमी होणं हे तात्पुरतं की लायन्समध्ये आता असंच राहणार?
आणि लायन्सचं आक्रमण आखणारा प्रशिक्षक बेन जॉन्सन शिकागोला गेल्याचा फटका कितपत बसेल?

---

रानवारा | ४ ऑगस्ट

ठेवा. २४ व्या वर्षी टाइट एंड विकू नये. केल्सीने १४१६ यार्ड केले तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. किटल गेल्या वर्षी ३१ चा होऊन ११०० च्या वर गेला. या जागेवर माणूस उशिरा पिकतो.

---

सई_शिकागो | ५ ऑगस्ट

नोवीकर, तुमचा भागाकार आवडला. लोक एकूण गुण बघून थांबतात, तुम्ही खालचं बघितलंत.

जॉन्सनबद्दल सांगते, आमच्याकडेच आलाय तो. बेअर्सचा मुख्य प्रशिक्षक झाल्यावर पहिल्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर संघाने कोल्स्टन लव्हलंड घेतला, म्हणजे टाइट एंडच. संघात कोल कमेट असताना! यावरून त्या माणसाच्या डोक्यात या जागेचं वजन किती आहे ते कळतं. तो गेला हे लापोर्टाचं नुकसानच आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याच्या जागी आलेला जॉन मॉर्टन २०२२ मध्ये लायन्सबरोबर होता, त्यामुळे भाषा अगदी परकी नसेल. पण थर्ड डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात) रेड झोनमध्ये (गोलरेषेआधीच्या वीस यार्डांत) कुणाला मोकळं करायचं याची जॉन्सनची हातोटी उसनी मिळत नाही.

आता पिट्सच्या उदाहरणाबद्दल. तिथे आधी क्वार्टरबॅक गेला, बाकी सगळं त्यामागून आलं. इथे गॉफचा करार २०२८ पर्यंत आहे, आणि मैदानाच्या मध्यात चेंडू टाकणं हेच त्याचं बळ. तुमच्या मुलाच्या वहीतले गोल मधोमध येतात ते उगाच नाही. ही भीती मी तरी यादीतून काढून टाकली असती.

मी आधी काय बघते ते विचारलंत. संघात त्याच्या पुढे रांगेत कोण आहे आणि किती वर्षं राहणार, ते. मॅकब्राइडचे पहिल्या वर्षी २९ कॅच होते, कारण पुढे झॅक अर्ट्झ होता. अर्ट्झ जायबंदी झाला आणि दुसऱ्या वर्षी तेच ८१ झाले. पोरगा तोच, फक्त रांग हलली. तुमच्याकडे सेंट ब्राउन २०२८ पर्यंत बांधलेला आहे, तो हलत नाही. विल्यम्सचा करार आज तरी २०२६ पर्यंतच आहे. पण लापोर्टाचाही २०२६ पर्यंतच! दुसऱ्या फेरीतल्या खेळाडूचा करार पाचव्या वर्षापर्यंत वाढवायचा पर्याय संघाकडे नसतो. या हंगामानंतर लायन्स त्याच्याशी नवा करार करू शकतात. तो करार लवकर झाला तर समजा की संघ त्याच्याभोवती बांधायचा विचार आहे. तुमच्या पाच वर्षांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या कागदावर आहे.

---

बॉयलरमेकर_पुणेकर | ५ ऑगस्ट

मी इंडियानात असतो, कोल्ट्स बघतो. वॉरन खरंच चांगला आहे. पेन स्टेटमध्ये गेल्या वर्षी १०४ कॅच आणि १२३३ यार्ड, देशातल्या सर्वोत्तम टाइट एंडचा मॅकी पुरस्कारही त्यालाच. त्याला क्वार्टरबॅकच्या जागी उभं करून थेट चेंडू द्यायचे आणि तो माणसं अंगावर घेऊन पुढे सरकायचा. अंगात ताकद आहे.

पण चेंडू फेकणार कोण? अँथनी रिचर्डसनचे गेल्या वर्षी शंभरातले ४८ पाससुद्धा पोचले नाहीत. डॅनियल जोन्स आलाय, दोघांची स्पर्धा चालू आहे. पुढच्या वर्षी तिसराच कुणी असेल. सईताईंची कसोटी लावली तर तुम्ही स्थिर क्वार्टरबॅक देऊन अस्थिर घेताय. वॉरन मे २००२ चा, लापोर्टा जानेवारी २००१ चा. सव्वा वर्षाच्या फरकासाठी मी हा सौदा करणार नाही.

---

तात्या_टेक्सास | ५ ऑगस्ट

एक विचारू? तुमचा बाकीचा संघ कसा आहे? ते कळल्याशिवाय ठेवा किंवा विका म्हणणं म्हणजे पेशंट न बघता औषध देणं. नव्याने बांधणी चालू असेल तर पिकला किंमत आहे. यंदा जिंकायचं असेल तर सेकंड राउंडचा पिक तुमच्या काय कामाचा?

---

नोवीकर | ६ ऑगस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

तात्या, क्वार्टरबॅक बरो आहे. डेरिक हेन्री आहे, ३१ पूर्ण. रिसीव्हरमध्ये माईक एव्हन्स, तोही ३१ ओलांडलेला. म्हणजे यंदा आणि फार तर पुढच्या वर्षी.

सईताई, कराराचा मुद्दा माझ्या डोक्यात अजिबात आला नव्हता. मी पाच वर्षं डोळ्यासमोर ठेवून भांडत होतो आणि त्याचा स्वतःचा करार दोन वर्षांचाच उरलाय हे पाहिलंच नाही.

---

तात्या_टेक्सास | ६ ऑगस्ट

मग झालं की. हेन्री आणि एव्हन्सबरोबर यंदा जिंकायचं तर नवोदित टाइट एंडची वाट बघत बसायला तुमच्याकडे वेळ नाही. बाउअर्सला विसरा, तसा क्वचित येतो. केल्सीसारख्याचंही पहिलं वर्ष गुडघ्यापायी जवळजवळ अख्खं वाया गेलं होतं.

तरी मित्राला थेट नाही म्हणू नका. सेकंडच्या जागी फर्स्ट राउंड पिक मागा. तो तयार झाला तर पुन्हा विचार करा. नाही म्हणाला तर त्यालाही वॉरनपेक्षा लापोर्टाच हवाय, पण स्वस्तात, एवढं तरी कळेल.

---

सई_शिकागो | ६ ऑगस्ट

तात्यांना अनुमोदन. आणि नोवीकर, मुलाची ती वही सप्टेंबरमध्येही चालू ठेवा. पहिल्या चार सामन्यांत 'प' वाढले आणि 'अ' घटले तर मॉर्टन त्याला वापरतोय. गोल मागाहून येतीलच. टार्गेट आठवड्यागणिक वरखाली होतात, पण पळण्याचं प्रमाण प्रशिक्षकाच्या मनातलं सांगतं.

---

नोवीकर | ९ ऑगस्ट

काल रात्री मित्राशी बोललो. फर्स्ट मागितला. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग राहू दे, तुझ्याकडेच शोभतो तो." लापोर्टा ठेवलाय. मुलाला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही, वहीचं नवं पान काढून वर 'आठवडा १, ग्रीन बे' लिहून बसला.

आता उरलेला प्रश्न : बेंचवर दुसरा टाइट एंड ठेवायचाय, स्वस्तातला, २५ च्या आतला. कुणाच्या नजरेत असेल तर इथेच लिहा.