आईचा तोल जातो, काय करावे?

प्रश्न : माझी ७६ वर्षांची आई पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्याशी दोनदा पडली, हाड मोडले नाही, पण धास्तीने तिने देवळात जाणेही सोडले आहे.

उत्तर १ : त्यांचे चालणे थांबू देऊ नका, कारण बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू दुबळे होऊन पडण्याचा धोका उलट वाढतो. फिजिओथेरपिस्टकडून तोल सांभाळण्याचे व्यायाम शिकून घ्यावेत.

उत्तर २ : रक्तदाबाच्या वा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही तोल जाऊ शकतो, म्हणून त्या डॉक्टरांना दाखवा, आणि उठताना रक्तदाब एकदम उतरतो का हे कळायला झोपलेले असताना व उभे राहिल्यावर असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजून घ्या.

उत्तर ३ : कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा बसवा, टॉवेलचा दांडा माझ्या सासूबाईंच्या हातात स्क्रूसकट उखडून आला होता. सरकणारे पायपुसणेही काढा.

प्रश्नकर्ती : झोपेची गोळी ती रोज घेते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. उद्याच डॉक्टरांकडे नेते.